घड्याळ दुरुस्तीला टाकण्यापूर्वी

घरात कुणाचे पोट दुखू लागले, तर आपण त्याला उचलून थेट शस्त्रक्रियेच्या टेबलावर नेऊन झोपवत नाही. आधी डॉक्टर नाडी पाहतात, पोट दाबून पाहतात, चार प्रश्न विचारतात, गरज वाटली तर रक्त तपासायला सांगतात. उपचार त्यानंतर. मनगटावरचे घड्याळ बंद पडले की मात्र आपण नेमके उलटे वागतो. बाजारात जाता जाता ते दुकानात देतो, 'बंद पडलंय, बघा जरा' एवढेच म्हणतो आणि दोन दिवसांनी जे सांगतील ते पैसे देऊन घरी आणतो. त्याला काय झाले होते, आत काय बदलले, जे बदलले ते बदलायलाच हवे होते का, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर आपल्यापाशी नसते.

खरे तर घड्याळाची तपासणी आणि घड्याळाची दुरुस्ती ही दोन वेगवेगळी कामे आहेत. पहिल्यात दोष शोधायचा असतो, दुसऱ्यात तो काढायचा असतो. या दोहोंच्या मध्ये मालकाचा होकार असायला हवा. तो होकार आपण आधीच, काही न कळता देऊन टाकतो. यात पैसा वाया जातोच, पण कधीकधी पैशाने परत न मिळणारी गोष्टही हातची जाते.

आधी घड्याळाची जात ओळखा

आजच्या घरांत सर्वसाधारणपणे दोन जातींची घड्याळे आढळतात. एक सेलवर चालणारे क्वार्ट्झ घड्याळ आणि दुसरे चावीचे किंवा हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारे ऑटोमॅटिक. सेकंदकाटा दर सेकंदाला एकेक उडी मारत असेल, तर ते बहुधा क्वार्ट्झ. तो सरकत गेल्यासारखा दिसत असेल आणि कानाशी धरल्यावर भरभर टिकटिक ऐकू येत असेल, तर ते चावीचे.

दोघांचे आजार वेगळे असतात. क्वार्ट्झ घड्याळात स्फटिकाचा चिमुकला तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि त्या हिशेबाने काटे पुढे सरकतात. हलणारे भाग कमी, त्यामुळे झीजही कमी. चावीच्या घड्याळात मात्र सगळा कारभार चाकांचा आणि स्प्रिंगांचा. एचएमटीच्या जुन्या 'जनता'सारख्या घड्याळाचे तोलचाक, म्हणजेच बॅलन्स व्हील, तासाला १८,००० ठोके देते. दिवसाचे झाले ४ लाख ३२ हजार. एवढे कष्ट करणाऱ्या यंत्राला वेळोवेळी धुऊनपुसून तेल द्यावेच लागते. पण ते कधी द्यावे, हे अंदाजाने न ठरवता तपासून ठरवावे.

दुकानात जाण्यापूर्वी आठ दिवस

डॉक्टरांकडे जाताना आपण 'ताप कधीपासून, किती' हे सांगतो. घड्याळाचेही तसेच. ते अजून चालत असेल, तर आठ दिवस एका वहीत नोंद ठेवा. रोज ठरावीक वेळी मोबाइलवरच्या वेळेशी ताडून किती सेकंद पुढे किंवा मागे आहे ते लिहा. रात्री ते तबकडी वर करून ठेवले होते की आडवे, हेही लिहा. चावीचे असेल तर पूर्ण चावी दिल्यावर किती तास चालले ते पाहा. चावीची बहुतेक घड्याळे एका भरण्यात दीड दिवसाच्या आसपास चालतात.

चांगले क्वार्ट्झ घड्याळ महिन्याला १५-२० सेकंदांपेक्षा जास्त चुकत नाही. पण चाळीस वर्षांपूर्वीचे चावीचे घड्याळ दिवसाला अर्ध्या मिनिटाच्या आत राहत असेल, तर त्याला आजारी म्हणणे अन्यायाचे होईल. अनेकदा दोष घड्याळात नसतो, आपल्या अपेक्षेत असतो.

काही साध्या गोष्टी घरीच पाहता येतात. चावीचे बटण थोडे बाहेर ओढलेले राहिले, तरी घड्याळ थांबते. काही क्वार्ट्झ घड्याळांत सेल संपत आला की सेकंदकाटा दोन-दोन किंवा चार-चार सेकंदांच्या उड्या मारू लागतो. तो बिघाड नसून सेल बदलण्याची आठवण आहे. तारीख भलत्याच वेळी बदलत असेल, तर काटे बारा तासांनी चुकीचे लावलेले असू शकतात. मात्र रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान काटे दिसत असताना तारखेचे बटण फिरवू नका. त्या वेळी तारखेची दातेरी चाके एकमेकांत गुंतलेली असतात आणि बरेचदा दाता तुटतो तो तेव्हाच.

इथपर्यंत ठीक. मागचे झाकण मात्र घरी उघडू नका. सुरीचे टोक घसरले, तर झाकणावर चरा पडतो आणि आतल्या बारीक तारेला लागले, तर चालू घड्याळ कायमचे बंद होते.

तपासणीत काय काय व्हायला हवे

'बघून सांगतो' असे म्हणून घड्याळजीने झाकण उघडून फुंकर मारली, म्हणजे तपासणी झाली असे नव्हे. क्वार्ट्झ घड्याळ असेल, तर प्रथम सेलचा दाब मोजला जातो. चांदीच्या ऑक्साइडचा नवा सेल सुमारे १.५५ व्होल्ट दाखवतो. त्यानंतर सेलमधून काही गळून आतल्या पट्ट्यांवर गंज चढला आहे का ते पाहतात. तारेचे वेटोळे अखंड आहे की तुटले, आणि यंत्र गरजेपेक्षा जास्त वीज ओढते आहे का, हे मीटरवर कळते. नवा सेल दोन-चार महिन्यांत संपत असेल, तर वीज किती खर्च होते ते मोजल्यावाचून तिसरा सेल घालून घेण्यात अर्थ नाही.

चावीच्या घड्याळासाठी टाइमग्राफर नावाचे छोटे यंत्र असते. घड्याळ त्याच्या चिमट्यात बसवले की ते टिकटिक ऐकते आणि मिनिटभरात तीन आकडे पडद्यावर दाखवते. घड्याळ दिवसाला किती सेकंद पुढे-मागे जाईल, हा पहिला. तोलचाक किती अंश झोका घेते, हा दुसरा. 'टिक' आणि 'टाक' यांच्यात किती फरक आहे, हा तिसरा. घड्याळ उताणे, पालथे, उभे असे निरनिराळ्या स्थितींत ठेवून हे आकडे घेतात.

यातला दुसरा आकडा सर्वांत महत्त्वाचा. पूर्ण चावी दिलेल्या निरोगी घड्याळाचा झोका साधारणपणे २५० ते ३१० अंशांच्या दरम्यान असतो. तो २०० च्या खाली घसरला, तर आत तेल सुकले आहे, मळ बसला आहे किंवा मुख्य स्प्रिंग थकली आहे असे समजावे.

आता गंमत पाहा. एखादे घड्याळ दिवसाला दोन मिनिटे पुढे जात असेल, पण त्याचा झोका भरपूर असेल, तर त्याला सर्व्हिसिंगची गरज नसते. आतला वेग नियंत्रित करणारा काटा केसभर सरकवला, की काम झाले. उलट एखादे घड्याळ अगदी बरोबर वेळ दाखवत असेल, पण झोका १८० अंशांवर आला असेल, तर ते सुकलेल्या तेलात धावते आहे, त्याच्या चाकांचे आस झिजत आहेत. थोडक्यात, चुकीची वेळ दाखवणारे घड्याळ निरोगी असू शकते आणि अचूक वेळ दाखवणारे आजारी. नुसत्या डोळ्यांना हे कळत नाही. म्हणून तपासणी हवी.

प्रत्येक घड्याळजीकडे हे यंत्र असेलच असे नाही. गल्लीच्या तोंडाशी काचेच्या पेटीमागे तीस वर्षे बसलेला कारागीर भिंगातून आणि कानानेही पुष्कळ ओळखतो. त्याला कमी लेखू नका. फक्त त्याने जे ओळखले ते तुम्हांला समजेल अशा शब्दांत सांगावे, एवढा आग्रह धरा.

लोहचुंबकाचा घोळ

काल-परवापर्यंत व्यवस्थित चालणारे चावीचे घड्याळ एकाएकी दिवसाला कित्येक मिनिटे पुढे धावू लागले, तर पहिला संशय लोहचुंबकाचा घ्यावा. मोबाइलचे झाकण, पर्सची कडी, स्पीकर, इंडक्शनची शेगडी, यांतले चुंबक घरभर पसरलेले आहेत. घड्याळातली केसासारखी बारीक स्प्रिंग चुंबकित झाली, की तिचे वेढे एकमेकांना चिकटू लागतात. त्यामुळे ती आखूड झाल्यासारखी वागते आणि तोलचाक जास्त जलद फिरू लागते.

यावर उपाय काही सेकंदांचा आहे. चुंबकत्व घालवणाऱ्या छोट्या उपकरणावरून घड्याळ फिरवले, की ते पूर्ववत होते. झाकणही उघडावे लागत नाही. तपासणी न करता अशा घड्याळाची सर्व्हिसिंग करून घेणाऱ्याने गरज नसलेल्या कामाचे पैसे मोजलेले असतात.

पाण्याचे आश्वासन

घड्याळाच्या पाठीवर '३० मीटर' लिहिलेले असले, तरी ते घालून तीस मीटर खोल पोहता येते असा त्याचा अर्थ नाही. तो प्रयोगशाळेतल्या स्थिर दाबाचा आकडा आहे. व्यवहारात तेवढ्या खुणेच्या घड्याळावर हात धुताना चार शिंतोडे उडाले तर चालतात, इतकेच समजावे. पाणी रोखण्याचे काम झाकणाखालचे आणि चावीच्या बटणातले रबराचे कडे करते. रबर कालांतराने कडक होते, चिरते. नवे असताना पाण्यात टिकलेले घड्याळ पाच वर्षांनी टिकेलच असे नाही.

म्हणून साधा सेल बदलण्यासाठी झाकण उघडले, तरी ते बंद करण्यापूर्वी रबराचे कडे पाहायला सांगा. पाण्यात वापरायचे घड्याळ असेल, तर हवेच्या दाबाची चाचणी करून घ्या. या चाचणीत घड्याळाला पाणी लागत नाही. बंद पेटीत हवेचा दाब वाढवून घड्याळाची कुपी किती दबते किंवा फुगते ते मोजतात. काचेच्या आत वाफ धरलेली दिसली, तर मात्र तपासणी पुढे ढकलू नका. गंज कुणाची वाट पाहत नाही.

वडिलांच्या हातातले घड्याळ

आमच्या परिचयातील एका शिक्षिकाबाईंकडे त्यांच्या वडिलांचे चावीचे घड्याळ होते. निवृत्तीच्या दिवशी कचेरीतल्या सहकाऱ्यांनी दिलेले. मागच्या झाकणावर वडिलांचे नाव आणि तारीख कोरलेली. वडील गेल्यानंतर काही वर्षे ते कपाटात पडून होते. मुलाच्या लग्नात ते त्याच्या हातात बांधावे, म्हणून बाईंनी ते दुरुस्तीला दिले. आठवड्याने परत आले ते लखलखीत होऊन. पिवळसर पडलेली तबकडी पांढरीशुभ्र रंगवलेली, काटे नवे, चावीचे बटण नवे. मागचे झाकण असे घासून चकचकीत केलेले की वडिलांचे नाव पुसून गेलेले.

घड्याळ आता अचूक चालते. मुलाच्या लग्नात मात्र ते बांधले गेले नाही.

यात दुकानदाराची लबाडी नव्हती. त्याने त्याच्या मते चांगलेच काम केले, पैसेही वाजवी घेतले. फक्त कशाला हात लावायचा आणि कशाला नाही, हे त्याने विचारले नाही आणि बाईंना ते सांगण्याची संधीच मिळाली नाही. घड्याळ आधी नुसते तपासले गेले असते, तर 'यंत्र साफ करा, बाकी काही नको' हे एक वाक्य पुरले असते.

अशी घड्याळे आपल्याकडे घरोघरी आहेत. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एचएमटीने १९६१ साली बंगळूरला मनगटी घड्याळे बनवायला सुरुवात केली आणि पुढची कित्येक वर्षे दहावी पास झालेल्या मुलाला, नव्या जावयाला, निवृत्त होणाऱ्या कारकुनाला एचएमटीचे घड्याळ देण्याची रीतच पडली. २०१६ साली एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय सरकारने घेतला. म्हणजे त्या घड्याळांचे मूळ सुटे भाग आता नव्याने बनत नाहीत. ते मिळतात ते जुन्या साठ्यातून किंवा दुसरे घड्याळ मोडून. म्हणून तुमच्या घड्याळातला मूळ भाग दुरुस्त होण्याजोगा असेल, तर तो काढून टाकू देऊ नका. जुन्या घड्याळांचे जाणकारही रंगवलेल्या तबकडीपेक्षा मूळची डागाळलेली तबकडी अधिक मोलाची मानतात.

एक सावधगिरीची गोष्ट. आपण अंधारात चमकणाऱ्या कोणत्याही वस्तूला 'रेडियम' म्हणतो. साठच्या दशकापर्यंतच्या काही घड्याळांच्या काट्यांवर आणि आकड्यांवर मात्र खरोखरच रेडियम असे. त्याची चमक आज विझलेली असली, तरी किरणोत्सर्ग संपलेला नसतो. रेडियमचा निम्मा भाग नष्ट व्हायलाच सुमारे १,६०० वर्षे लागतात. असे घड्याळ बंद काचेत असू द्या. ते घरी उघडू नका, आकडे खरवडू नका आणि घड्याळजीला देताना तशी कल्पना द्या.

चिठ्ठीवर काय लिहून घ्यावे

घड्याळ हातावेगळे करण्यापूर्वी मोबाइलवर पुढून, मागून आणि बाजूने त्याची छायाचित्रे काढून ठेवा. पावतीवर पुढील गोष्टी असाव्यात:

१) घड्याळाची कंपनी, प्रकार आणि मागच्या झाकणावरचा क्रमांक. नुसते 'एक घड्याळ' असे लिहिलेली पावती निरुपयोगी.

२) 'फक्त तपासणीसाठी. विचारल्याशिवाय दुरुस्ती करू नये' हे वाक्य.

३) दुरुस्ती करायची नाही असे ठरले, तर तपासणीचे किती पैसे द्यावे लागतील. तपासणी हे कसबाचे काम आहे. त्याचे वाजवी पैसे देताना कुरकुर करू नये.

तपासणी झाल्यावर दुसऱ्यांदा लिहून घ्यावे: दोष काय, काम काय, कोणते भाग बदलणार, ते कंपनीचे की दुसरे, एकूण खर्च, मुदत आणि कामाची हमी किती महिन्यांची. काढलेले जुने भाग पुडीत घालून परत द्यावेत, हेही नमूद करा. तबकडीला रंग आणि कुपीला पॉलिश नको असेल, तर तसे स्पष्ट लिहा. चावीच्या घड्याळाबाबत आणखी एक प्रश्न जरूर विचारा: 'यंत्र पूर्ण सुटे करून धुणार, की वरूनच तेल सोडणार?' धुळीवर सोडलेले तेल काही महिने घड्याळ चालवते खरे, पण त्या चिखलात आस अधिकच झिजतात.

घड्याळ हमीच्या मुदतीत असेल, तर ते कंपनीच्या अधिकृत केंद्रातच न्या. बाहेर उघडल्यास हमी रद्द होईल, अशी अट बहुतेक हमीपत्रांवर असते.

तपासणीनंतरचे तीन मार्ग

दोष कळला म्हणजे दुरुस्ती केलीच पाहिजे असे नाही. पहिला मार्ग दुरुस्तीचा. दुसरा थांबण्याचा: झोका चांगला आहे, वेळ थोडी चुकते, तर सहा महिन्यांनी पुन्हा पाहू. तिसरा मार्ग आहे तसे ठेवण्याचा. आजोबांचे घड्याळ कुणी रोज वापरणार नसेल आणि त्यासाठी दुर्मीळ भाग बदलावे लागणार असतील, तर ते न चालणारे, पण संपूर्ण मूळ रूपातले राहू देणे हा शहाणपणाचा निर्णय ठरू शकतो. म्हणून घड्याळ रोजच्या वापरासाठी हवे, सणासुदीला बांधायला हवे की केवळ जपायला, हे घरच्यांनी आधी ठरवावे आणि घड्याळजीला सांगावे. क्वार्ट्झ घड्याळ नुसते जपायचे असेल, तर मेलेला सेल तेवढा काढून घ्या. तो आत राहिला, तर कधीतरी गळून यंत्र खातो.

साध्या क्वार्ट्झ घड्याळाचे आतले यंत्र बिघडले, तर ते दुरुस्त करण्यापेक्षा तशाच मापाचे नवे बसवणे बहुधा स्वस्त पडते. तपासणी करणाऱ्याने हा पर्याय आपणहून सांगितला, तर तो माणूस भरवशाचा समजावा. जो घड्याळजी कारण सांगतो, दोष भिंगातून तुम्हांलाही दाखवतो आणि 'याला आत्ता काही करू नका' असे सांगायला कचरत नाही, त्याचा पत्ता वहीत टिपून ठेवा.

एवढे करूनही फसगत झालीच, तर लेखी पावती कामाला येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार पैसे घेऊन केलेल्या सेवेतील त्रुटीबद्दल दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. पण तिथेही पहिला प्रश्न हाच असतो की तुम्ही काय करायला सांगितले होते.

तेव्हा पुढच्या वेळी घड्याळ बंद पडले, तर दुकानात शिरल्यावर 'दुरुस्त करून द्या' असे म्हणण्याऐवजी म्हणा, 'आधी तपासून सांगा, मग ठरवू.'